निसिन पावडर, २.५ टक्के: कुणी घ्यावी, कशी वापरावी आणि डब्यात खरंच निसिन आहे हे कसं तपासावं

आधी निकाल. प्रोसेस्ड चीज, चीज स्प्रेड किंवा क्यूब करत असाल तर ही पावडर घ्या, पैसे वसूल होतात. श्रीखंडासाठी घेत असाल तर थांबा, श्रीखंड ज्यामुळे बिघडतं त्याला ती हात लावत नाही. आणि एकाच छपराखाली चीज स्प्रेडही होतं आणि दहीही लागतं अशी डेअरी असेल, तर पावडर आणण्याआधी तिची जागा, तिचं माप आणि तिची भांडी वेगळी करा. नाहीतर एक दिवस दही लागणार नाही आणि दोष विरजणावर जाईल.

निसिन हे लॅक्टोकोकस लॅक्टिस या दुधातल्याच जिवाणूने शेजाऱ्यांना मारण्यासाठी बनवलेलं ३४ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. शेकडो बॅक्टेरिओसिन माहीत आहेत, पण शुद्ध करून, परिरक्षक म्हणून जगभर मान्यता मिळवून डब्यात आलेलं आणि टिकलेलं नाव हेच. १९२८ साली दुधातले काही स्ट्रेप्टोकोकस (तेव्हाचं नाव) इतर जिवाणूंची वाढ रोखतात अशी नोंद झाली. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्याला निसिन हे नाव दिलं आणि १९५०च्या दशकात तिथल्याच अ‍ॅप्लिन अँड बॅरेट कंपनीने निसाप्लिन नावाने पावडर बाजारात आणली. १९६९ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त समितीने अन्नात वापरायला मान्यता दिली, १९८८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. लेबलवर आयएनएस २३४ किंवा ई २३४ दिसलं की ते हेच. आज अनेक उत्पादक त्याच ताकदीची पावडर विकतात. पुढचं सगळं त्या संपूर्ण वर्गाबद्दल आहे, एका ब्रँडबद्दल नाही.

डबा उघडल्यावर दिसणारी पांढरट, खारट भुकटी म्हणजे बहुतांशी मीठच. निसिन त्यात फक्त २.५ टक्के. साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त मीठ आणि उरलेला भाग आंबवलेल्या दुधातली प्रथिनं व शर्करा. ही भेसळ नाही. मूळ प्रथिन इतकं तीव्र आहे की मिठात पातळ केल्याशिवाय ते तराजूवर नीट मोजताच येणार नाही. संयुक्त समितीच्या मानकात दर मिलिग्रॅमला किमान ९०० आययू (जिवाणू रोखण्याची ताकद मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ताकद, किमान ५० टक्के मीठ आणि वाळवल्यावर जास्तीत जास्त ३ टक्के घट अशा अटी आहेत. बाजारातली पावडर १००० आययू प्रति मिलिग्रॅमची असते. दुधावर आंबवलेल्या पावडरीत दुधाचे अंश राहतात, त्यामुळे दूध नसलेल्या पदार्थात घालणार असाल तर लेबलवर अ‍ॅलर्जीची सूचना लागेल.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: माप. कायद्यातली मर्यादा शुद्ध निसिनमध्ये लिहिलेली असते, डब्यावरची ताकद आययूमध्ये आणि तराजूवर येते पावडर. चीजसाठी मर्यादा किलोला १२.५ मिलिग्रॅम निसिन आहे. पावडर २.५ टक्क्यांची, म्हणजे १२.५ ला ४० ने गुणायचं: किलोला ५०० मिलिग्रॅम पावडर. १०० किलोच्या बॅचला ५० ग्रॅम. पडताळा हवा असेल तर १ मायक्रोग्रॅम शुद्ध निसिन म्हणजे ४० आययू, त्यामुळे ५०० मिलिग्रॅम पावडर म्हणजे ५,००,००० आययू, म्हणजे दर ग्रॅम चीजला ५०० आययू. मर्यादेतला आकडा थेट पावडरचाच समजून १०० किलोला सव्वा ग्रॅम टाकला, तर चाळिसावा हिस्सा पडतो आणि मग “निसिन चालत नाही” अशी तक्रार येते. उलट्या बाजूला, जास्त टाकलं म्हणजे जास्त टिकेल या हिशेबाने मर्यादा ओलांडली, की माल कायद्याच्या कचाट्यात. ही मर्यादा आहे, रोजचा डोस नव्हे. कमी ओलाव्याच्या, जास्त खारट, ५.६ पीएचच्या ब्लॉकला बरंच कमी पुरतं. ओला, कमी मिठाचा, ५.८ च्या वर गेलेला स्प्रेड असेल तर मर्यादेच्या जवळ जावं लागतं.

कमाल डोसलाही १ किलो पावडर २ टन चीजला पुरते, म्हणजे १०० किलोचा खर्च डब्याच्या किलोच्या भावाचा विसावा भाग. फुगून परत आलेल्या एका कार्टनपुढे ही रक्कम काहीच नाही.

चीजचा डबा फुगतो कशाने, हे कळलं की या पावडरीची जागा कळते. प्रोसेस्ड चीज ८५ ते ९५ अंशांवर शिजतं. त्यात जिवंत पेशी मरतात, क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस या जिवाणूंचे बीजाणू (जाड कवचातली झोपलेली रूपं) मरत नाहीत. डब्यात हवा नाही, ओलावा भरपूर, पीएच सौम्य: क्लॉस्ट्रिडियमला यापेक्षा चांगलं घर नाही. बीजाणू उगवतो, वायू सोडतो, डबा फुगतो. निसिन बीजाणूला मारत नाही. बीजाणू उगवून बाहेर येतो त्या नाजूक घडीला त्याची वाढ अडवतं. पेशी आपली भिंत बांधायला विटा वाहून नेते त्या लिपिड-२ नावाच्या रेणूला निसिनच्या साखळीतली पहिली दोन कडी (वळून बनलेली वर्तुळं) पकडतात, तिथेच शेपटी पडद्यात शिरते आणि काही रेणू मिळून २ नॅनोमीटरच्या आसपासचं भोक पाडतात. भिंतीचं बांधकाम थांबतं आणि पेशीतला माल गळतो. अशी दुहेरी मार असल्यानेच इतकं कमी प्रमाण पुरतं.

यातूनच मर्यादाही ठरतात. ई. कोलाय, स्यूडोमोनास अशा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेर आणखी एक पडदा असतो, तो निसिनला आत येऊ देत नाही. यीस्ट आणि बुरशीकडे लिपिड-२ नाहीच. श्रीखंड बिघडतं ते मुख्यतः यीस्ट-बुरशीने, म्हणून तिथे ही पावडर कुचकामी. थंड साठवलेलं पनीर चिकट होतं ते बहुधा स्यूडोमोनासमुळे. तिथे निसिनपेक्षा धुण्याचं पाणी, मोल्ड आणि पॅकिंगची स्वच्छता जास्त कामाची. शिवाय परवानगी पदार्थाच्या वर्गानुसार बदलते. चीजचा आकडा पाहून तो पनीर, बासुंदी किंवा सुगंधी दुधाला लावू नका. एफएसएसएआयच्या अ‍ॅडिटिव्ह तक्त्यात आपल्या पदार्थासमोर आयएनएस २३४ लिहिलेलं आहे का आणि किती, हे बघूनच हात घाला.

घालण्याची पद्धत. पावडर थेट केटलमध्ये उधळू नका. १०० किलोत ५० ग्रॅम सारखी पसरणं कठीण आहे आणि गोळी झाली तर एका क्यूबमध्ये सगळं आणि नव्वद क्यूबमध्ये काहीच नाही. पावडरच्या वीसेक पट कोमट पाणी घ्या (पाककृतीतल्या पाण्यातूनच वजा करून), चिमूटभर सायट्रिक आम्लाने ते ३ ते ३.५ पीएचवर आणा आणि त्यात ढवळा. निसिन आम्लात चांगलं विरघळतं आणि चांगलं टिकतं. पीएच जसजसा उदासीन होत जातो तसं विरघळणं झपाट्याने घटतं, अल्कधर्मी पाण्यात तर ते नासतंच. द्रावण गढूळ राहील, ते दुधाच्या प्रथिनांमुळे. गाळून टाकू नका. मेल्टिंग सॉल्ट (चीज एकजीव वितळावं म्हणून घालतात ते क्षार), विशेषतः अल्कधर्मी फॉस्फेट, याच भांड्यात कालवू नका. सॉल्ट आधी चीजमध्ये जाऊ द्या, वस्तुमान वितळून सारखं झालं की द्रावण घाला आणि मग ठरलेल्या तापमानाला ठेवा. शिजताना १५ ते २० टक्के निसिन जातं, ते हिशेबात धरा. कॉस्टिकने सीआयपी (न उघडता जागेवरच धुणं) झालेली केटल आम्लाने किंवा भरपूर पाण्याने नीट धुतली नसेल तर त्यात आणखी भर पडते. सोडियम मेटाबायसल्फाइट निसिन तोडतं, त्यामुळे एकाच पाककृतीत दोन्ही नकोत. फॅट वाढलं की निसिन त्याला चिकटतं आणि मोकळं कमी राहतं. होमोजिनायझर असेल तर हे जास्त जाणवतं.

साठवणीतही ते कमी होत जातं, उन्हाळ्यात गोदामात ३० अंश असतील तर फ्रीजपेक्षा खूप जलद. जे बीजाणू तीन महिन्यांनी उगवतात त्यांच्यासाठी तीन महिन्यांनंतर उरलेला आकडा महत्त्वाचा, बॅचच्या दिवशीचा नाही. त्यामुळे टिकाऊपणाची चाचणी मालाच्या खऱ्या तापमानाला ठेवूनच करा.

रिवर्क हा वेगळा त्रास. तुटके क्यूब, लाइनमधला शेवटचा माल पुन्हा केटलमध्ये जातो तेव्हा त्यातलं निसिनही सोबत जातं. १० टक्के रिवर्क असेल तर नवीन पावडर त्या प्रमाणात कमी करा, नाहीतर मर्यादा ओलांडेल. आणि निसिन असलेलं काहीही, धुण्याचं पाणीसुद्धा, विरजण लागणाऱ्या ओळीकडे जाऊ देऊ नका. दह्यातले स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस दोन्ही निसिनला बळी पडतात. दुधातल्या अँटिबायोटिकसाठी वापरतात त्या जिवाणू-वाढीवर चालणाऱ्या चाचण्याही अशा अंशामुळे खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतात आणि मग दोष दूध घालणाऱ्या शेतकऱ्यावर जातो.

आता डब्यात खरंच निसिन आहे का? ताकद मोजणं तुलनेनं सोपं. मायक्रोकोकस ल्यूटियस हा जिवाणू कालवलेल्या अगारात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) विहिरी पाडून पावडरचं आम्लात बनवलेलं द्रावण भरतात, ३० अंशांना वाढवतात आणि स्वच्छ वर्तुळाचा व्यास प्रमाण पावडरीशी ताडून बघतात. द्रावणात थोडं ट्वीन २० (साबणासारखं द्रव्य) घातलं की निसिन अगारात नीट पसरतं. एक बारकावा: बाजारात निसिन ए आणि निसिन झेड दोन्ही मिळतात. फरक फक्त २७व्या जागी, ए मध्ये हिस्टिडीन आणि झेड मध्ये अ‍ॅस्पराजीन. पण झेड अगारात जास्त दूर पसरतं, वर्तुळ मोठं येतं. झेडची पावडर ए च्या प्रमाणाशी मोजली तर आकडा फुगतो. डब्यासोबत आलेल्या तपासणीच्या दाखल्यावर ताकद १,१०० आणि तुमच्या लॅबमध्ये ९५०, असं होण्यामागे कधी कधी एवढंच असतं.

वर्तुळ मात्र एवढंच सांगतं की काहीतरी मारतं आहे. काय मारतं आहे, ते सांगत नाही. स्वस्त अँटिबायोटिकही तसंच वर्तुळ देईल. त्यासाठी संयुक्त समितीच्या मानकात दोन चाचण्या दिल्या आहेत आणि दुसरी तर या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट आहे.

पहिली: द्रावण आम्लात ५ मिनिटं उकळा, ताकद जवळपास तशीच राहिली पाहिजे. मग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ११ करून ६५ अंशांना ३० मिनिटं ठेवा, थंड करा, पुन्हा पीएच २ वर आणा. आता ताकद पूर्ण गेली पाहिजे. उरली, तर त्यात दुसरं काही आहे.

दुसरी चाचणी निसिन बनवणाऱ्या जिवाणूवरच टेकलेली आहे. तो स्वतःच्या विषाने का मरत नाही? पेशीच्या आत निसिन ५७ अमिनो आम्लांच्या कच्च्या रूपात बनतं, पुढे २३ चा एक तुकडा जोडलेला. हा तुकडा असेपर्यंत ते निरुपद्रवी. निसबी आणि निससी ही प्रथिनं कडी घालतात, निसटी बाहेर ढकलतं आणि निसपी बाहेर गेल्यावर तो तुकडा कापतं. धार लागते ती पेशीबाहेरच. पण बाहेर पडलेलं निसिन परत स्वतःच्याच पडद्यावर येतं, तिथेही लिपिड-२ आहेच. त्यासाठी दोन बंदोबस्त आहेत. निसआय नावाचं प्रथिन मेदाच्या दोरीने पडद्याच्या बाहेरच्या अंगाला बांधलेलं असतं आणि निसिनला लक्ष्यापर्यंत पोचू देत नाही. निसएफ, निसई आणि निसजी मिळून एक पंप होतो, पडद्यात घुसलेलं निसिन तो उपसून पुन्हा बाहेर टाकतो. एकटं निसआय किंवा एकटा पंप अर्धवट संरक्षण देतो, पूर्ण तटबंदी दोघांची मिळून. शिवाय निसके हे प्रथिन बाहेरचं निसिन ओळखतं आणि निसआरमार्फत निसिन आणि संरक्षण दोन्हीची जनुकं चालू करतं. आजूबाजूला निसिन जितकं जास्त, तितकं उत्पादन वाढतं आणि ढालही जाड होते.

ई. कोलायचं कोलिसिन ई९ वेगळ्या मार्गाने हाच प्रश्न सोडवतं. ते डीएनए तोडणारं एन्झाइम आहे आणि बनतानाच आयएम९ हे छोटं प्रथिन त्याला इतकं घट्ट पकडतं की सुटणं जवळजवळ अशक्य. पण ते बाहेर सोडायला पेशीला स्वतः फुटावं लागतं. निसिन बनवणाऱ्या जिवाणूला मरावं लागत नाही, तो वाढत राहतो आणि बनवत राहतो. टाकीत आंबवून टनावारी पावडर काढता येते, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

चाचणी अशी. लॅक्टोकोकस लॅक्टिसचा निसिन बनवणारा प्रकार (एटीसीसी या जिवाणू-संग्रहातला क्रमांक ११४५४) निर्जंतुक स्किम दुधात ३० अंशांना १८ तास वाढवा. १०० मिली लिटमस दूध (आम्ल झालं की गुलाबी होणारा रंग घातलेलं) १२१ अंशांना १५ मिनिटं निर्जंतुक करा, थंड झाल्यावर त्यात ०.१ ग्रॅम पावडर घाला, २ तास ठेवा. म्हणजे मिलिलिटरला साधारण १००० आययू. मग ०.१ मिली कल्चर टाकून ३० अंशांना २४ तास. लिटमस गुलाबी झाला, दूध घट्ट झालं, म्हणजे जिवाणू वाढला, म्हणजे पावडरीतलं विष त्याचं स्वतःचंच आहे. इतक्या ताकदीचं दुसरं अँटिबायोटिक असतं तर तो मेला असता आणि दूध निळसर जांभळंच राहिलं असतं. बॅसिलस सबटिलिसचं सबटिलिन निसिनच्या इतकं जवळचं आहे की या चाचणीत दोघं वेगळे पडत नाहीत. हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमीटरवर निसिन ए ३,३५४ डाल्टनला सापडतं.

मानकात नसलेल्या दोन बाटल्या सोबत ठेवायलाच हव्यात. एकीत पावडर नाही, फक्त कल्चर: ते जिवंत आहे याचा पुरावा. दुसरीत पावडर आणि निसिन न बनवणारं साधं लॅक्टोकोकस विरजण: हे वाढलं नाही पाहिजे. वाढलं, तर पावडरीत ताकदच नाही आणि मुख्य बाटलीतली वाढ काही सिद्ध करत नाही.

ही चाचणी खोटी नापास होते ती बहुतेक वेळा कल्चरमुळे. निसिनची जनुकं एका उडत्या डीएनए-तुकड्यावर, टीएन५२७६ सारख्या सुमारे ७० हजार बेस जोड्यांच्या ट्रान्सपोझॉनवर असतात आणि हातोहात कल्चर फिरवताना तो तुकडा गमावलेल्या पेशी पुढे निघू शकतात. त्यांच्याकडे ढालही नसते. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच तुकड्यावर साखर (सुक्रोज) पचवण्याची जनुकंही असतात. सुक्रोज घातलेल्या माध्यमात आम्ल होत नसेल, तर ते कल्चर फेकून द्या आणि मूळ नळीतून नवीन काढा. फ्रीजरमधलं कल्चर थेट चाचणीत टाकू नका. ढाल निसिनच्या सहवासात उभी राहते, त्यामुळे आधी दुधात ताजं वाढवलेलंच वापरा, नाहीतर वाढ रेंगाळते. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहाकडे चौकशी करून निसिन बनवणारा प्रकारच मागा. नुसतं “लॅक्टिस” लिहिलं तर दुसराच येईल.

पर्यायांबद्दल थोडक्यात. बुरशीसाठी नॅटामायसिन, तेही चीजच्या पृष्ठभागावर, दर चौरस डेसिमीटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. ते निसिनची जागा घेत नाही, निसिन त्याची घेत नाही. सॉर्बेट यीस्ट-बुरशीवर चांगलं, बीजाणूंवर कमकुवत. तिसरा मार्ग म्हणजे पावडरीऐवजी निसिन बनवणारं जिवंत कल्चरच चीजमध्ये वापरणं. १९५१ मध्ये हर्शच्या गटाने पिकणाऱ्या चीजचं उशिरा फुगणं याच मार्गाने रोखून दाखवलं. अडचण ही की बाकीचं विरजण त्यातच मरतं, चव आणि आम्ल नीट येत नाही. तो मार्ग धरायचा तर निसिन सोसणारे साथीदार शोधावे लागतात. छोट्या युनिटला पावडरच परवडते.

विकत घेताना दाखल्यावर ताकद आययूमध्ये, ए की झेड, मीठ, ओलावा, शिसं आणि बॅच क्रमांक बघा. मोठा डबा स्वस्त पडतो, पण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात, कोल्हापुरात पावसाळाभर तेच असतं. उघडलेल्या डब्याचे खडे होतात, तराजूवर वजन पाण्याचं येतं. अर्धा किलोचे डबे घ्या, आतली पिशवी प्रत्येक वेळी बंद करा, २५ अंशांच्या खाली, उजेडापासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.